बिनहाराचा फोटो : बेपत्ता शिपायाची ऐंशी वर्षं रखडलेली वारस नोंद

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या, करवीर तालुक्यातल्या एका गावातलं आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव दिलेलं नाही. कुटुंबातल्या तिन्ही शाखांनी मजकूर वाचून होकार दिला, त्यानंतरच तो लोकांपुढे ठेवते आहे. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. मोडी वाचता येते, म्हणून लोक जुने कागद घेऊन येतात. बहुतेक कागद जमिनीचे असतात, काही देवस्थानचे. आणि कोल्हापूर जिल्हा म्हटल्यावर पलटणीतले कागद येणारच. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण घरातलं कुणीतरी लढाईवर गेलेलं नाही असं गाव इकडे शोधावं लागेल.

संदीप माझ्याकडे आला 2023 च्या दिवाळीनंतर. मोटारसायकलच्या मागच्या सीटला सुतळीनं पत्र्याची ट्रंक बांधलेली होती. तिच्यात दोन पदकं, एक तार, इंग्रजीतला एक छापील फॉर्म, मोडीतलं एक पत्र आणि कडेनं लाल-काळ्या दोऱ्याची फुली-टाक्याची नक्षी काढलेला पांढरा रुमाल होता. "बाई, ह्यातनं आमच्या थोरल्या आबांचा मृत्यूचा दाखला निघतोय का बघा," तो म्हणाला.

पार्श्वभूमी

थोरले आबा म्हणजे दत्तू. पण सुरुवात त्याच्या वडिलांपासून, रामजीपासून करायला हवी. त्या घरानं पुढची पन्नास-साठ वर्षं जे निर्णय घेतले, त्यांचं मूळ रामजीच्या लढाईत आहे.

रामजी 110 व्या मराठा पलटणीत होता. पहिल्या महायुद्धात ही पलटण 6 व्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो सगळा मुलूख 'बसरा'च. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी कुत-अल-अमाराला वेढा घातला. तो 147 दिवस चालला. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि आपल्यातल्या अनेकांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि सुमारे 13,000 माणसं कैद झाली. त्यांतल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. किती जण वाटेतच गेले याला गणती नाही.

गावात एवढंच कळलं की शेजारच्या गावचा एक जखमी शिपाई परत आलाय आणि तो म्हणतोय, रामजी पडला. घरच्यांनी दहावं-तेरावं केलं. रामजीच्या बायकोच्या, गोदाच्या, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. 1918 च्या तापाच्या साथीत रामजीची आई गेली, ती मुलगा मेला असं समजूनच. आणि 1919 मध्ये रामजी दारात उभा राहिला.

ज्याचे अंत्यविधी झालेत तो माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माचे संस्कार करून घरात घ्यायची चाल आहे. रामजीचं बारसं झालं, तेही वयाच्या तिशीत, पाळण्याऐवजी पाटावर बसवून. मग त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लागलं. 1920 मध्ये दत्तू जन्मला, 1926 मध्ये शंकर. गोदाआजी सांगायची, "जित्या माणसाच्या नावानं माझ्या बांगड्या फोडल्या. ह्या घरात पुन्यांदा कुणाच्या फुटायच्या न्हाईत." नातवंडांना हे वाक्य पाठ आहे. ते या घराचा कायदाच होऊन बसलं.

दत्तू 'काळी पाचवी'त, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये भरती झाला. बायको यशोदा पोटुशी असताना तो समुद्रापार गेला. मुलगी हौसा 1941 च्या उन्हाळ्यात झाली. बापलेकीची भेट कधीच झाली नाही. 1942 च्या जूनमध्ये ही बटालियन लिबियातल्या टोब्रुकला होती. 20 जूनला सकाळी जर्मनांनी आग्नेय बाजूनं हल्ला चढवला, तो नेमका मराठ्यांच्या मोर्च्यांवर आला. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, तीसेक हजार माणसं कैद झाली. गावात तार आली : बेपत्ता.

पुढच्या वर्षी लष्कराकडून तो छापील फॉर्म आला. बेपत्ता शिपाई मृत धरण्यात येत आहे, विधवेनं निवृत्तिवेतनासाठी खाली सही किंवा अंगठा करावा. तो फॉर्म माझ्यासमोर टेबलावर होता. घड्यांवर कागद फाटलेला, आणि खाली डाव्या अंगठ्याच्या ठशासाठी आखलेली चौकट कोरी. रामजीनं सुनेला अंगठा उठवू दिला नव्हता. "मी बी मेलोच हुतो की. आलो न्हवं?" एवढंच त्याचं म्हणणं. गोदाआजी त्याच्या बाजूनं होती. यशोदेला कुणी विचारलं नाही.

तिची आशा जिवंत राहण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला नवल वाटेल असं आहे. 1943 पासून वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियानं 1940-41 मध्ये सैबेरियाकडे हाकलून दिलेली ही कुटुंबं पुढे सुटली आणि इराणमार्गे इथवर आली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष पोलंडच्या सैन्यात लढत होते, कैदेत होते, नाहीतर मेलेले होते. यशोदा डोक्यावर पाटी घेऊन तिथं भाजी आणि अंडी विकायला जायची. अंड्यांना त्या बायका 'यायका' म्हणत. हौसाबाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे आणि त्या अजूनही दुकानात "चार यायका दे" म्हणतात. ट्रंकेतला रुमाल छावणीतल्याच एका बाईनं दिलेला. तिचा नवरा चार वर्षं बेपत्ता होता आणि एक दिवस इटलीतून त्याचं पत्र आलं. त्या दिवशी तिनं यशोदेची पाटीभर अंडी विकत घेतली, पैसे दिले आणि वर हा रुमाल दिला. यशोदा भाषेचा एक शब्द न कळता सगळं समजून घरी आली. त्यानंतर कोण कशाला अंगठा उठवेल?

1945-46 मध्ये इटली-जर्मनीतल्या कैदेतून आजूबाजूच्या गावांतले काही जण परत आले. त्यांतला एक म्हणाला, दत्तूला इटलीतल्या छावणीत पाहिल्यासारखं वाटतं. 'वाटतं' हा शब्द गळून पडला. पाहिलं, एवढंच उरलं.

रामजी 1948 च्या पावसाळ्यात वारला. त्याच वर्षी पोलिश छावणी उठली, आणि त्या बराकींच्या जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचं गांधीनगर वसलं. 1949 मध्ये भाऊकीतल्या मोठ्यांनी विषय काढला : सात वर्षं झाली, सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस कायद्यानं मेलेला धरतात, बाई अजून तिशीच्या आत आहे. यशोदेचा धाकट्या दिराशी, शंकरशी, पाट लागला. तिनं अट घातली की दत्तूचा वर्दीतला फोटो भिंतीवर राहील आणि त्याला हार पडणार नाही. गोदाआजीनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत. म्हणजे यशोदा एका भावाची बायको होती ती दुसऱ्याची झाली, मधे एक दिवससुद्धा विधवा न होता. पुढची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीत आहे.

शंकरपासून दोन मुलं : 1950 मध्ये वसंत, 1954 मध्ये अशोक. वसंत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीतून 1971 च्या लढाईत गेला, पूर्व आघाडीवर, जमालपूरला. तो धडधाकट परत आला. यशोदाबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की ह्या घरची माणसं परत येतात. वसंतनं मात्र स्वतःच्या मुलाला, संदीपला, भरतीच्या मैदानाकडे फिरकू दिलं नाही. शंकर 1987 मध्ये गेला, यशोदाबाई 1998 मध्ये, वसंत 2011 मध्ये.

अडचण

गावाजवळच्या रस्त्याच्या रुंदीकरणात शेताचा एक पट्टा गेला. मोबदला मिळायचा होता. सातबाऱ्यावर शंकरच्या वारसांबरोबर दत्तूचं नाव अजून उभं होतं, अर्ध्या हिश्श्याचा मालक म्हणून. रामजीच्या पश्चात दोन्ही मुलांची नावं लागली होती आणि दत्तूचं नाव कमी करायला कुणी कधी गेलंच नाही. कसं जाणार? नाव कमी करायचं म्हणजे 'मयत' लिहायचं.

वारस ठरेपर्यंत पैसे मिळणार नव्हते. हौसाबाईंचा मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर आहे. त्याच्यापर्यंतही बातमी गेली. त्यानं मामांना फोन केला : माझ्या आईच्या बापाचा अर्धा हिस्सा आहे, तो आईचा. अशोककाकांचं उत्तर होतं की तिचं लग्न आम्ही केलं, बाळंतपणं केली, आता हिस्सा कसला. दोन्ही घरांचं येणं-जाणं थांबलं. त्या वर्षी हौसाबाई भाऊबीजेला आल्या नाहीत. संदीप ट्रंक घेऊन माझ्याकडे आला तो त्यानंतरच्या आठवड्यात.

कोणते मार्ग होते

एका एजंटानं संदीपला सोपा मार्ग सुचवला होता : दत्तू अविवाहित आणि निपुत्रिक वारला असं प्रतिज्ञापत्र करा, गावातले दोन म्हातारे साक्षीला घ्या, महिन्यात काम होतं. संदीपला हे पटत नव्हतं म्हणूनच तो माझ्याकडे आला, हे त्याच्याबद्दल आधीच सांगितलं पाहिजे.

दुसरा मार्ग दिवाणी कोर्टाचा. ज्या माणसाबद्दल सात वर्षं काही कळलेलं नाही तो मृत असल्याचं गृहीत धरता येतं. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात हे 108 व्या कलमात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 111 व्या कलमात आहे. पण माणूस मेला एवढंच त्यातून धरता येतं, कोणत्या दिवशी मेला हे नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

तिसरा मार्ग म्हणजे लष्करी नोंद शोधायची. चौथा, सगळ्यांनी एकत्र बसून आपसात तडजोड करायची.

माझा कल पहिल्यापासून तिसऱ्याकडे होता. त्यामागे इतिहासाच्या शिक्षिकेचा हट्ट होता, हे आज कबूल करते. नोंद सापडली की सगळं सुटेल असं मला वाटलं.

काय केलं

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांच्या नोंदी आहेत आणि त्या इंटरनेटवर पाहता येतात. आडनावानं शोधून काही मिळालं नाही. आपल्या शिपायांची नावं लष्करानं कधी बापाच्या नावासह, कधी नुसत्या पहिल्या नावानं लिहिली, इंग्रजी स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या कानावर. मग पलटण आणि तारीख धरून शोधलं : पाचवी मराठा, जून 1942, अलामेन स्मारक. इजिप्त-लिबियात पडलेले आणि ज्यांची कबर वा दहनाची जागा माहीत नाही त्यांची नावं या स्मारकावर कोरलेली आहेत. एकेक नोंद उघडत गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संदीप पडद्याकडे बोट दाखवून थांबला.

शिपाई. मृत्यू 20 जून 1942. रामजी आणि गोदा यांचा मुलगा. यशोदाचा नवरा. गाव, कोल्हापूर. गावाच्या नावात दोन अक्षरं चुकलेली, यशोदाचं नाव 'एसोडा' वाचता येईल असं.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. रामजी जर खरोखर मेसोपोटेमियात मेला असता तर त्याचं नाव असं दगडावर कोरलेलं सापडलं नसतं. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर पहिल्या महायुद्धातल्या साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, शिपायांचे पलटणवार आकडे आहेत. मुलाच्या पिढीला निदान नाव मिळालं.

संदीप त्या नोंदीची प्रत घेऊन वकिलांकडे गेला आणि रात्री साडेनऊला माझ्या दारात परत आला. वकिलांनी सांगितलं होतं की ही तारीख तुमच्या फायद्याची आहे. हिंदू वारसा कायदा लागू झाला 17 जून 1956 ला. त्याआधीच्या रिवाजाप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला मयताचा हिस्सा हयात पुरुष भाऊबंदांकडे जायचा, मुलीकडे नाही. दत्तू 1942 मध्ये मेल्याचं सिद्ध झालं तर त्याचा हिस्सा शंकरकडे आला आणि हौसाबाईंच्या हाती त्या वाटेनं काही उरत नाही. उलट तो 'बेपत्ता'च राहिला आणि कोर्टानं नुसता मृत धरला, तर मृत्यू 1956 नंतरचा असल्याचा युक्तिवाद हौसाबाईंच्या बाजूनं करता येतो.

म्हणजे ऐंशी वर्षांनी सापडलेलं खरं एका घराला पैसे देणार होतं आणि ज्या बाईचा तो बाप, तिचा हक्क घालवणार होतं. तिच्या मुलाच्या हिताचं हेच होतं की आजोबा मेलेत हे कधी कळूच नये. रामजीनं अंगठा उठवू दिला नाही, त्याचा पीळ असा इथवर आला होता.

संदीप म्हणाला, "बाई, हा कागद मी वकिलाला देऊ का जाळू?"

मी त्याला दोन्हीपैकी काहीच करू नकोस म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एका जाणत्या वकिलांना भेटलो. त्यांनी दत्तू बाजूला ठेवून यशोदाबाईंचा विचार करायला लावला. शंकरच्या पश्चात विधवा म्हणून यशोदाबाईंना हिस्सा आला होता. त्या 1998 मध्ये मृत्युपत्र न करता गेल्या. त्यांच्या हिश्श्यावर पोटच्या सगळ्या लेकरांचा सारखा हक्क, लेकरू कोणत्या नवऱ्यापासून हा प्रश्नच येत नाही. म्हणजे बापाकडून नाही तरी आईकडून हौसाबाई वारस होत्याच आणि त्यांचं नाव तेव्हाच लागायला हवं होतं. हा हिस्सा लहान होता, पण बोलणं सुरू करायला जमिनीवर पाय ठेवता आला.

बैठक संदीपच्या घरी झाली. हौसाबाई, त्यांचा मुलगा, अशोककाका, संदीप आणि त्याची बहीण. फोटोखालीच सगळे बसले होते. भिंतीवर रामजी, गोदाआजी, यशोदाबाई, वसंत, सगळ्यांना चंदनी हार. मधे दत्तू, वर्दीत, बिनहाराचा.

अशोककाका पहिला तासभर हिस्सा, खर्च, लग्नातले तोळे यावर बोलत होते. मग एकदम म्हणाले, "माझ्या बाचा फोटू कुठाय ह्या भिंतीवर?" सगळ्यांनी वर पाहिलं. शंकरचा फोटो नव्हता. ज्यानं चाळीस वर्षं ते शेत कसलं, भावाची मुलगी वाढवली, तिचं लग्न लावलं, त्याचा फोटो कुणी लावलाच नव्हता. शाळेत आपल्याला 'पाटाचा' म्हणून हिणवत, हे सत्तरीच्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा घरात सांगितलं. जमिनीचं भांडण तिथं सुटायला लागलं असं मला वाटतं. त्या आधी ते कोणत्याही कायद्यानं सुटलं नसतं.

निष्पत्ती

दत्तूची तारीख काय, ती कोणाच्या फायद्याची, हा हिशेब बाजूला ठेवून मोबदल्याचे तीन सारखे भाग करायचं ठरलं : एक हौसाबाईंचा, एक अशोककाकांचा, एक वसंतच्या मुलांचा. एका आईची तीन लेकरं, एवढाच आधार. उरलेल्या शेतावरचा हक्क हौसाबाईंनी नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडला. अशोककाकांची अट होती शंकरच्या फोटोची. लग्नातल्या गर्दीच्या एका फोटोतून चेहरा मोठा करून घेतला, थोडा धूसर आला, पण लागला.

मृत्यूचा दाखला मिळाला नाही. मृत्यू आमच्या हद्दीत झालेला नाही म्हणून अर्ज परत आला. शेवटी युद्धस्मारकाची नोंद, तार, तो कोरा फॉर्म, प्रतिज्ञापत्रं आणि गावचा पंचनामा यांवर वारस चौकशी झाली. त्यात दहा महिने गेले. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा आला तेव्हा हौसाबाईंनी तो संदीपकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि दत्तूच्या नावापुढचा 'मयत' हा शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला.

पैशाबद्दल त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं ते तिथीबद्दल. आजवर त्यांनी बापाचं श्राद्ध केलं नव्हतं, सर्वपित्रीलाही नाही, कारण जिवंत माणसाचं श्राद्ध करत नाहीत. गुरुजींनी 1942 च्या पंचांगावरून ज्येष्ठातली तिथी काढून दिली. 2025 च्या ज्येष्ठात त्या स्वतः बसल्या आणि फोटोला हार त्यांनीच घातला.

हे पुन्हा हाती आलं तर

पहिली चूक माझी. नोंद सापडली त्या संध्याकाळी मी संदीपला तिचा फोटो काढू दिला. तासाभरात तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. हौसाबाईंना वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी बापाच्या मृत्यूची बातमी नातवाच्या मोबाईलवर कळली. त्यांनी नंतर मला म्हटलं, "बाई, तार आली असती तरी कुणीतरी दारात उभं राहून वाचली असती की ओ." अशी नोंद सापडली की आधी सर्वांत जवळच्या वारसाकडे जायचं, समोर बसून सांगायचं, मग बाकीचे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला आता मी ही अट घालते.

दुसरं, मी कागदाच्या मागे लागले आणि आईच्या बाजूचा हक्क मला सुचलाच नाही. युद्धात गेलेल्या माणसाचं प्रकरण असलं की आपण त्या माणसाकडेच पाहत राहतो. त्याच्या बायकोनं पुढची पन्नास-साठ वर्षं काढलेली असतात, तिच्या नावानं काय झालं ते आधी तपासायला हवं. यशोदाबाईंना 1943 मध्ये कुणी नीट समजावलं असतं तर निवृत्तिवेतन मिळालं असतं. पुढच्या काळात तर नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केल्यास ते चालू ठेवण्याची सोयही लष्करी नियमांत होती. या घराला ते कुणीच सांगितलं नाही.

रामजी-गोदाला मी दोष देऊ शकत नाही. एकदा चुकीच्या बातमीवर जिवंत माणसाला मेलेला मानलं, त्याची शिक्षा त्यांनी भोगली होती. पण बांगड्या न फोडणं आणि फॉर्मवर अंगठा उठवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या असत्या. आशाही राहिली असती आणि पोरीच्या तोंडात घासही पडला असता.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त लागते. ट्रंकेतलं मोडी पत्र मी दाखल्याच्या शोधात उलगडून बाजूला ठेवलं होतं, कारण त्यात कायद्याच्या उपयोगाचं काही नव्हतं. फेब्रुवारी 1942 चं पत्र, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, सेन्सॉरचा शिक्का असलेलं. ते घरात आलं तेव्हा रामजीनं वाचून दाखवलं असणार. रामजीनंतर घरात मोडी कुणालाच येत नव्हती. पंचाहत्तर वर्षं ते न वाचता जपलं गेलं. ते मी हौसाबाईंना वाचून दाखवलं तेव्हा सगळं मिटून महिना झाला होता. बैठकीच्या आधी, नोंदीच्याही आधी वाचायला हवं होतं.

पत्रात पाऊसपाण्याची चौकशी आहे, म्हशीची आहे, पगारातून पाठवलेल्या रुपयांचा हिशेब आहे. मग चार ओळी : "पोरीचे नाव आईने ठेवले ते मला पसंत आहे. ती आता चालू लागली असेल. परड्यातला आड उघडा आहे, पोर तिकडे जाईल. आडावर फळ्या घालून घेणे, विसरू नये."

हौसाबाईंनी ते ऐकलं आणि बराच वेळ रुमालाच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या फळ्या हायत अजून. मी बारकी हुते तवापास्नं हायत. मी आज्ज्याला इचारायची, आपल्याच आडावर फळ्या का, दुसऱ्या कुणाच्या न्हाईत? त्यो म्हणायचा, सांगावा आलता."